लांबचा पल्ला, चिनी गाडी आणि सामानाचा भार

दुकाती आणि मोटो गुझीच्या इटलीत २०२० साली सगळ्यात जास्त खपलेली मोटारसायकल या दोघींपैकी कुणाचीच नव्हती. ती होती बेनेली टीआरके ५०२. २०२१ मध्येही पहिला नंबर तिचाच. टाकीवरचं नाव पेझारो या इटालियन शहरातलं, पण गाडी तयार होते चीनच्या झेजियांग प्रांतातल्या वेनलिंगमध्ये. तेरेसा बेनेली या विधवा बाईंनी आपल्या सहा मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९११ मध्ये काढलेला हा कारखाना २००५ मध्ये चीनच्या छ्येनच्यांग समूहाने विकत घेतला. ज्यांच्या देशात मोटारसायकल ही अभिमानाची गोष्ट आहे, त्या इटालियनांनी ही गाडी डोळे मिटून घेतली असेल असं मला वाटत नाही. वीस लिटरची टाकी, दोन सिलिंडरचं ५०० सीसी इंजिन, मांडी न अवघडणारी बैठक आणि सामान लादायला भक्कम मागची बाजू, एवढं सगळं त्या किमतीत दुसरं कुणी देत नव्हतं. शिवाय युरोपातल्या ए-२ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॅटची, आणि या इंजिनाची ताकद बरोबर तेवढीच.

‘चिनी माल टिकत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दुचाकीच्या बाबतीतही सहज बोललं जातं. वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात जशा केटीएमच्या छोट्या गाड्या बनतात, तसा हांगझौमध्ये सीएफमोटो आणि केटीएम यांचा संयुक्त कारखाना आहे, आणि सीएफमोटोच्या ८००एमटी या टूरिंग गाडीत केटीएमच्याच घराण्यातलं ७९९ सीसी इंजिन बसतं. सीएफमोटो ४५०एमटीचं सस्पेन्शन जपानच्या केवायबीचं, ब्रेक स्पेनच्या जे. हुआनचे, एबीएस बॉशचं. इंजिन आणि फ्रेम या बाबतीत चिनी कारखान्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठा पल्ला गाठला आहे. तक्रारी येतात त्या लहान गोष्टींच्या: मऊ धातूचे बोल्ट, लवकर गंजणारे क्लॅम्प, पाणी शिरणारे वायरिंगचे जोड. लांबच्या प्रवासात गाडी दगा देते ती बहुधा अशाच एखाद्या जोडावर. म्हणून या गाड्यांकडे पाहताना माझी नजर पहिल्यांदा जोडांवर जाते. सगळ्यात मोठा जोड तर गाडीवर दिसतही नाही. तो असतो चिनी कारखाना आणि आपला विक्रेता यांच्यामधला.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २०१५ मध्ये बेनेली भारतात आली ती पुण्याच्या डीएसके समूहाचा हात धरून. सुटे भाग बाहेरून येत आणि गाड्या वाईला जोडल्या जात. २०१८ पर्यंत डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला आणि ती भागीदारी संपली. गाड्या तशाच होत्या, इंजिनंही चांगली चालत होती. अडलं ते सर्व्हिस आणि सुट्या भागांवर. पुढे हैदराबादच्या महावीर समूहातल्या आदीश्वर ऑटो राइडने सूत्रं हाती घेतली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये टीआरके ५०२ पाच लाख रुपयांना भारतात आणली. त्याच वर्षी जुलैमध्ये बंगळुरूच्या एएमडब्ल्यू मोटरसायकल्सने सीएफमोटो ६५०एमटी ४ लाख ९९ हजारांना आणली. एप्रिल २०२० पासून चिनी कंपनीला आपल्याकडे गुंतवणूक करायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे मधला भारतीय भागीदार किती तग धरणारा आहे, हा प्रश्न इंजिनाच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा झाला.

हा जोड कसा सांभाळावा, याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या अझुसा गावच्या सीएससी मोटरसायकल्स या छोट्या कंपनीने २०१५च्या सुमारास चोंगचिंगच्या झोंगशेन कारखान्याची आरएक्स३ ही २५० सीसीची टूरिंग गाडी तिकडे आणली. दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि टॉप बॉक्स गाडीबरोबरच, आणि किंमत चार हजार डॉलरच्या आत. कंपनीचं शोरूमचं जाळं नव्हतं. तिने काय केलं, तर सुटे भाग आपल्या गोदामात भरून ठेवले आणि व्हॉल्व्ह सेटिंगपासून बहुतेक कामं फोटोंसह टप्प्याटप्प्याने समजावून सगळ्यांसाठी खुली केली. गिऱ्हाइकं घरच्या गॅरेजमध्ये स्वतः काम करू लागली. एवढ्या मोठ्या देशात एका गावातून हा व्यवहार चालला, कारण भाग मिळणार आणि माहिती मिळणार हा भरवसा होता.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर टेस्ट राइडच्या आधी पार्ट्स काउंटरवर जावं. क्लच प्लेट, पुढच्या ब्रेकचे पॅड, क्लच लिव्हर, रेडिएटर आणि एका बाजूचा इंडिकेटर यांची किंमत आणि यायला लागणारे दिवस लिहून मागावेत. रेडिएटर मुद्दाम विचारायचा, कारण तो चाकामागे खाली असतो आणि घाटातला एक दगड त्याला पुरतो. काउंटरवरचा माणूस पडद्यावर पार्ट नंबर काढून दाखवत असेल तर चांगलं लक्षण. ‘मागवून देऊ’ एवढंच उत्तर मिळालं तर विचार करावा. टायरचा आकारही पाहावा. टीआरके ५०२ला पुढे १२०/७० आणि मागे १६०/६०, दोन्ही १७ इंची टायर लागतात. हे आकार इतर अनेक गाड्यांना चालतात, त्यामुळे शहरात टायरसाठी अडत नाही. स्पोकची चाकं दिसायला रुबाबदार, पण त्यात ट्यूब आहे की नाही हे विचारून घ्यावं. रस्त्यावर ट्यूब बदलणं हे पंक्चर किट खुपसण्याइतकं सोपं नसतं.

पैशांचं गणित २२ सप्टेंबर २०२५ नंतर बदललं आहे. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यापुढच्या गाड्यांवर पूर्वी सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. करापूर्वीची किंमत पाच लाख धरली तर मोठ्या गाडीवर पंचेचाळीस हजार रुपये जास्त जातात. चांगलं कॅरिअर आणि पेट्या साधारण तेवढ्या पैशांत होतात. एकट्याने फिरणाऱ्याने त्यामुळे टीआरके २५१चा विचार जरूर करावा: २४९ सीसी, अठरा लिटरची टाकी आणि वजन मोठ्या बहिणीपेक्षा सत्तरेक किलोंनी कमी. टीआरके ५०२ टाकी भरल्यावर २३५ किलोंच्या घरात जाते. ताम्हिणीत एखाद्या उतारावर, ओल्या पानांवर ती आडवी झाली की हा आकडा हातांना कळतो. डबलसीट आणि लांबचे हायवे असतील तर मात्र मोठी गाडीच बरी.

आता सामान. गाडी निवडताना महिनेमहिने अभ्यास करणारी माणसं पेट्या मात्र एका संध्याकाळी फोटो पाहून मागवतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. खरं तर पेटीपेक्षा महत्त्वाचं आहे ते कॅरिअर, आणि कॅरिअरपेक्षा महत्त्वाचं ते जिथे बोल्टने बसतं ती मागची सबफ्रेम. खड्ड्यात दहा किलोंची पेटी दहा किलोंची राहत नाही. आदळताना ती कित्येक पटींनी ओढते, आणि ती ओढ शेवटी चार-सहा बोल्टांवर येते. कॅरिअर लोखंडी नळीचं असावं, साधारण १८ मिलिमीटर जाडीची नळी उत्तम. डाव्या-उजव्या बाजू नंबर प्लेटच्या मागून एका आडव्या पट्टीने जोडलेल्या असाव्यात. ती पट्टी नसेल तर दोन्ही बाजू खड्ड्यागणिक आत-बाहेर हलतात आणि तडा वेल्डिंगपाशीच जातो. ॲल्युमिनियमचं कॅरिअर हलकं आणि देखणं असतं, पण मनालीच्या पुढे ते तुटलं तर ट्रकच्या गॅरेजमधला वेल्डर हात वर करतो. लोखंडी असेल तर तोच माणूस चहा व्हायच्या आत सांधून देतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला असं कॅरिअर मापाने बनवून देणारे कुशल कारागीर मिळतात. गाडी घेऊनच जावं, आणि सायलेन्सरपासून पुरेसं अंतर सुटलंय ना ते इंजिन तापलेलं असताना पाहावं. आपल्या गाड्यांना डाव्या बाजूला साडी गार्ड लागतं. ते उपटून कॅरिअर बसवण्याची पद्धत पडली आहे, पण मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये म्हणून ते आहे. गार्ड राखून कॅरिअर बनवता येतं. कारागिराला तसं सांगावं लागतं.

पेट्यांत तीन घराणी. प्लॅस्टिकच्या पेट्या हलक्या असतात आणि पडल्यावर आधी लवचिकपणे दबतात, पण बिजागरी आणि कुलूप हा त्यांचा कच्चा भाग. इटलीत जुसेप्पे व्हिसेंझी या माजी रेसरने १९७८ मध्ये काढलेल्या गिव्ही कंपनीने या प्रकारात जम बसवला. ॲल्युमिनियमच्या पेट्यांचा पत्रा साधारण दीड ते दोन मिलिमीटरचा. त्या वाकल्या तर ठोकून सरळ करता येतात, मुक्कामी स्टूल म्हणून बसता येतं, आणि हॉटेलबाहेर कुलूप लावून निर्धास्त जेवता येतं. उघडं ॲल्युमिनियम आतल्या कपड्यांना काळा डाग लावतं, म्हणून आतली कापडी पिशवी हवीच. आणि तिसऱ्या नरम बॅगा. जाड नायलॉनला टीपीयूचा थर दिलेल्या, शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेल्या, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायच्या. मुंबईच्या रायनॉक्ससारख्या देशी कंपन्यांनी या प्रकारात चांगलं काम केलंय.

माझा कौल असा: एकटे असाल आणि कोकण, आंबोली, खडबडीत रस्ते असा बेत असेल तर नरम बॅगा घ्या, पण लोखंडी कॅरिअरवरच. वाळूत किंवा चिखलात पाय टेकावा लागतो तेव्हा गाडी पुढे सरकते आणि कडक पेटीची कडा पोटरीत शिरते. अशाने पाय मोडल्याची उदाहरणं आहेत. दोघं जाणार असाल, रोज नव्या हॉटेलात मुक्काम असेल, तर ॲल्युमिनियम. पेट्या लावलेल्या गाडीची रुंदी मीटरभर किंवा त्याहून जास्त होते. घरच्या फाटकाचं माप आधी घ्या.

पावसाचं स्वतंत्र सांगितलं पाहिजे. बॅगेवर चढवायचं रेनकव्हर आपल्या जुलैत पुरत नाही. वाऱ्याने फुगतं, खालून पाणी घेतं आणि तेच पाणी आत धरून ठेवतं. पाणी अडवायचं ते आतून, जलरोधक लायनरने. पेटीच्या झाकणाखालच्या रबराला वर्षातून एक-दोनदा सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला तर ते कडक होत नाही. दापोली-गुहागर-मालवणच्या खाऱ्या हवेत आणखी एक गंमत होते: स्टेनलेसच्या बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम गंजून बोल्ट तिथेच घट्ट बसतो आणि सोडवताना आटे सोबत घेऊन येतो. बसवतानाच अँटी-सीझ लावायचं. बाकी कॅरिअरच्या बोल्टांना निळं थ्रेडलॉकर आणि नायलॉक नट.

वजनाचा हिशेब कागदावरच करावा. चालवणारा ७५, हेल्मेट-जॅकेट-बूट सात, मागे बसणारी व्यक्ती ६५ धरली तर झाले १४७. कॅरिअर सहा किलो, रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्या प्रत्येकी पाच, टॉप बॉक्स त्याच्या प्लेटसकट पाच. एक शर्टही न भरता आकडा १६८ झाला. या वर्गातल्या अनेक गाड्यांची मर्यादा दोनशेच्या अलीकडेच संपते. आपल्या गाडीची ती माहितीपुस्तिकेत पाहावी. बाजूच्या पेटीत सहसा दहा किलोंपेक्षा जास्त नको. टॉप बॉक्समध्ये तर रेनकोट, जॅकेट असं हलकंच. बैलगाडीत मागे माल जास्त झाला की गाडी उलाळते, तसंच इथे होतं: टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे असल्याने तो पुढचं चाक हलकं करतो आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे हँडल लटपटू लागतं. हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग पेटीच्या तळाशी, सीटच्या बाजूला. भार वाढला की मागच्या शॉकचा प्रीलोड वाढवायचा, हवा पुस्तिकेतल्या भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे भरायची आणि चेनचा ढिलेपणा गाडीवर बसून पाहायचा.

कायद्याचंही थोडक्यात. जुलै २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुचाकीमागचा हलका डबा ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच यापेक्षा मोठा नको, आणि तो मागच्या सीटवर बसवला तर डबलसीट बंद. नंबर प्लेट, मागचा दिवा, इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. पेट्या विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून कळवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत.

लांबच्या प्रवासाआधी पूर्ण भरलेली गाडी एकदा खंबाटकी चढवून वाई-पाचगणीकडे नेऊन आणावी. निघताना प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारच्या नळीवर रंगाच्या पेनने एक सलग रेघ ओढून ठेवायची. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे. मग कापडाने कॅरिअर पुसून वेल्डिंगच्या कडा टॉर्चने पाहायच्या. पावडर कोटिंगवर केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर आतला लोखंडी सांधा चिरला आहे. तेव्हा पेट्या उतरवून ठेवा, थोडंसं लागेल ते टँक बॅगेत घ्या, आणि सांधा पुन्हा वेल्ड होऊन त्याला आतून एक तिरकी पट्टी लागेपर्यंत त्या कॅरिअरवर भार टाकू नका.