सोनचाफा की खुरचाफा?

पावसाळ्यात कर्जतजवळील कडावच्या अंगणात किंवा शहरातील गच्चीत चाफा लावताना निवड चुकल्यास काही वर्षे वाया जातात. सोनचाफा आणि खुरचाफा (पांढरा चाफा) यांचे नाव एक असले तरी कुळे भिन्न आहेत. सोनचाफा आशियातील सदाहरित वृक्ष. बियांपासूनच्या रोपाला फुले येण्यास बरीच वर्षे लागतात. कलम मात्र लवकर बहरते. त्यामुळे खरेदी करताना खोडावरील कलमाचा सांधा पाहावा. उन्हाळ्यात त्याला नियमित पाणी लागते. मूळचा अमेरिकेतील खुरचाफा फांदीपासून रुजतो. मांसल फांद्यांतील पाण्यावर तो उन्हाळा सोसतो. परंतु मुळाशी पाणी साचल्यास कुजतो. त्याचा चीक त्वचेला त्रासदायक ठरतो. अंगणात उंचवट्यावर सोनचाफ्याचे कलम, तर उन्हाच्या गच्चीत निचऱ्याच्या कुंडीत खुरचाफा लावणे श्रेयस्कर.