पाय रुंद, फर्मा अरुंद

बूट पायावर बेतला जात नाही, फर्म्यावर बेतला जातो. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा. पूर्वी लाकडाचा असे, आता बहुतेक प्लास्टिकचा. वरचं चामडं किंवा कापड त्याच्यावर ताणून बसवतात, खाली सोल चिकटवतात आणि सगळं सुकलं की फर्मा ओढून बाहेर काढतात. मागे जी पोकळी उरते तिच्यात आपला पाय जातो. दुकानात आपण किंमत बघतो, सोल वाकवून बघतो, रंग बघतो. ज्याच्यावर सगळं ठरलेलं असतं तो फर्मा मात्र कारखान्यातच राहिलेला असतो. शनिवारी रात्री मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून सॅक पाठीला लावून कसारा किंवा कर्जत गाठणाऱ्यांत रुंद पंजाचे, सपाट तळव्यांचे, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेले, एक पाय दुसऱ्याहून मोठा असलेले कितीतरी जण असतात. त्यांचं भांडण या न दिसणाऱ्या ठोकळ्याशी आहे.

दुकानात त्यांना एकच उपाय सांगितला जातो, एक नंबर मोठा घ्या. माझाही पंजा रुंद असल्यामुळे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत हे मी ऐकत आलो आहे, आणि हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे चालणारा ब्रिटिश नंबर फक्त लांबी सांगतो. एका नंबरामागे लांबी वाढते इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. चवड्याभोवतीचा घेर तेव्हा वाढतो जेमतेम पाव इंच, आणि तोही चहूबाजूंनी वाटला जातो. तळाच्या रुंदीच्या वाट्याला त्यातले दोन-तीन मिलिमीटरच येतात. करंगळीला एवढीशी जागा मिळावी म्हणून आपण बोटांपुढे साडेआठ मिलिमीटर पोकळी विकत घेतो. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती जागाही पुढे सरकते. पाऊल चवड्यात वाकतं, बूट त्याच्या पुढे वाकतो. टाच आत वर-खाली होते, घासते, फोड येतो.

चढताना हे निभावून जातं. राजमाचीहून कोंढाणे लेण्यांकडे उतरताना किंवा १६४६ मीटरचं कळसूबाई चढून परत बारीच्या वाटेला लागल्यावर सैल बुटातला पाय प्रत्येक पावलाला पुढे सरकतो आणि अंगठा आतून आदळत राहतो. घरी आल्यावर नख काळं पडलेलं दिसतं. निसरड्या कातळावर तर प्रश्न नखापुरता राहत नाही. पाऊल कुठे टेकलं हे पायाला कळायला हवं, आणि आतल्या आत सरकणाऱ्या पायाला ते कळत नाही.

फर्म्यात उजवा-डावा भेद नेहमीच होता असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेत दोन्ही पायांना एकाच सरळ आकाराचे जोडे सर्रास मिळत. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास बंदुकीचे दस्ते कोरायला एक नक्कल करणारा लेथ तयार केला. तेच तंत्र पुढे फर्मे कोरायला लागलं आणि एका नमुन्यावरून हवे तितके जुळे ठोकळे निघू लागले. मग १८८३ मध्ये यान मॅट्झेलिगरने फर्म्यावर चामडं ओढून बसवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाताने दिवसाला पन्नासेक जोड व्हायचे, ते यंत्रावर सातशेपर्यंत जाऊ लागले. बूट स्वस्त झाले, सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, ही मोठीच गोष्ट. पण त्यासाठी फर्म्यांचे आकार मोजके ठेवावे लागले आणि ते ठरवताना आपल्या पायांचा विचार कुणी केला नव्हता.

आपला पाय खरंच वेगळा आहे का? मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के आढळलं. पुढे २००९ मध्ये एका बेल्जियन संशोधकगटाने दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची तुलना बूट-चपला घालणारे भारतीय आणि पाश्चात्त्य लोक यांच्याशी केली. अनवाणी चालणाऱ्यांचा पाय पुढे रुंद होता आणि त्यांच्या तळव्यावर भार अधिक सारखा पसरत होता. जन्मभर अनवाणी वावरलेला पाय असा पसरतो, बोटं सुटी राहतात. दुकानात ज्याला ‘अवघड पाय’ म्हणतात तो बऱ्याचदा उत्तम चालणारा पाय असतो.

सर्वांत मोठी मोजणी केली ती चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, म्हणजे सीएलआरआयने. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली गेली. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. प्रांताप्रांतांत फरक असले तरी वेगवेगळ्या मापपद्धती लागाव्यात इतके मोठे नव्हते. लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात आणि ते सैल होतात म्हणून पुरुष नाड्या करकचून आवळतात, हेही नोंदवलं गेलं. मोठा नंबर घेण्याचा हा उपाय देशभर चालू आहे, हे वाचून मला रागच आला. यातून ‘भा’ नावाची मापपद्धती सुचवली गेली, भारतातला भा. वय आणि लिंग यांनुसार तिचे आठ गट आहेत आणि ती आली तर अर्ध्या नंबरांची गरज उरणार नाही, असं सांगितलं गेलं. तिच्यासाठी कारखान्यांना नवे फर्मे करावे लागतील, आणि खरा खर्च तिथेच आहे. एका घडणीच्या बुटाला प्रत्येक नंबराचे उजवे-डावे फर्मे तर लागतातच, शिवाय सोलचे साचेही त्यांच्या मापाचेच लागतात.

हे फर्मे जवळून बघायचे तर उपनगरातली जागा आहे चेंबूर आणि कुर्ल्याच्या सीमेवरची ठक्कर बाप्पा कॉलनी. गांधीजींचे सहकारी आणि हरिजन सेवक संघाचे काम वाहणारे अमृतलाल ठक्कर यांच्या नावाची ही वस्ती. राजस्थानातून आलेल्या चर्मकार कुटुंबांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या चपला-सँडल घडवल्या आहेत. गल्लीत शिरलं की सोल्युशनचा उग्र वास येतो. एका खोलीत, पोटमाळ्याखाली, भिंतीला लागून फर्म्यांचा ढीग होता, नंबर टाचेवर कोरलेले. कारागीर जमिनीवर बसून पक्कडीने अप्पर, म्हणजे वरचं चामडं, ओढत होता: आधी टोकाला, मग दोन्ही बाजूंना आळीपाळीने, प्रत्येक ओढीनंतर छोटा खिळा. एक बाजू जास्त ओढली गेली तर शिवण तिरकी जाते आणि तो जोड पायात कायम तिरकाच बसतो, म्हणून दर दोन-तीन खिळ्यांनंतर फर्मा उलटा करून तो मधली रेघ नजरेने तपासत होता. मजुरी जोडामागे मिळते. तरी तपासणं त्याने एकदाही टाळलं नाही.

माझ्या पायाचा कागदावर काढलेला आकार त्याच्यापुढे ठेवला. त्याने फर्म्यांतून माझ्या लांबीचा एक उचलून कागदावर उभा केला. करंगळीच्या बाजूला माझी रेघ बोटाच्या जाडीएवढी बाहेर होती. मग त्याने चामड्याचा एक तुकडा घेतला, रापीने कडा तासून पातळ केल्या आणि फर्म्याच्या त्याच कुशीवर लावून दाखवला. एवढी भर घातली की त्यावर ओढलेलं अप्पर तेवढंच बाहेर येतं आणि लांबी आहे तशीच राहते. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेल्या गिऱ्हाइकालाही असाच तुकडा आतल्या बाजूला लावतात. कारखान्याला जे जमत नाही ते या खोलीत काही मिनिटांत होतं, आणि या कारागिरीची किंमत आपण फार कमी लावतो असं मला मनापासून वाटतं.

डोंगरात चालायचा बूट मात्र इथे घडत नाही. खोल नक्षीचा साच्यातला सोल, घोट्यापर्यंतचं अस्तर, पुढच्या टोकाला रबरी पट्टा, ही सगळी कारखान्याची कामं. तसा सोल मुळात गिर्यारोहकांच्या गरजेतूनच आला: १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा साथीदार गमावल्यावर विटाले ब्रामानीने रबरी सोलवर काम सुरू केलं आणि १९३७ मध्ये व्हिब्रम नावाचा सोल तयार केला. आपल्याकडे अनेक वर्षं सह्याद्रीतल्या भटक्यांचा आधार होता ॲक्शनचा स्वस्त ट्रेकिंग शू. कातळावरच्या पकडीसाठी लोक त्याचं नाव अजून घेतात. कारखान्यातल्या बुटावर चांगला चर्मकार काय करू शकतो, तर अस्सल चामड्याचा असेल तर तो ओलसर करून, फर्म्यावर चढवून, दुखतं त्या जागी ताणू शकतो. कृत्रिम कापडाचा बूट ताणला जात नाही. पुढे जाड रबरी पट्टा असेल किंवा आत पाणी अडवणारा पडदा असेल, तर ताणायच्या फंदात पडूच नये, पडदा फाटतो. आपल्या पावसात तो पडदा तसाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर जात नाही. जुलै-ऑगस्टसाठी मी पाणी गळून जाणारा, हलका बूट पसंत करतो.

तेव्हा तयार बुटांतून आपल्या पायाचा शोधावा लागतो. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२०च्या दशकात केलेलं धातूचं मापपात्र पायाची लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर आणि रुंदी ही तिन्ही मापं एकदम देतं. आपल्या दुकानांत ते क्वचितच दिसतं. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात जुलैत गिरिमित्र संमेलन भरतं, शेकडो डोंगरवेडे एका जागी येतात. तिथे असं एखादं पात्र ठेवलं तर किती जणांना आपलं खरं माप पहिल्यांदा कळेल! तोवर कागद-पेन्सिल पुरे. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पूर्ण भार टाकून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांची रेघ काढून घ्यायची. मोठा पाय धरून बूट घ्यायचा. दुकानात सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे आतलं इनसोल बाहेर काढून त्याच्यावर उभं राहणं. पंजा कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही आवडला तरी खाली ठेवावा. बायकांच्या बुटांत पंजा न मावणाऱ्या मैत्रिणींनी पुरुषांच्या बुटांत लहान नंबर शोधावा. तिथे घेर थोडा जास्त मिळतो, फक्त टाच सैल नाही ना हे बघावं.

मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेली असेल किंवा पोलिओने पाय आखडलेला असेल, तर मात्र दुकानात प्रयोग करू नयेत. हाजीअलीला १९५५ पासून असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांची कार्यशाळा आहे. अशांनी आधी तिथे पाय दाखवावा.

आणि बूट आधीच घेऊन झाला असेल तर नाड्यांकडे वळावं. चवड्यावर जिथे दाबतं तिथली भोकांची एक जोडी मोकळी सोडून नाडी सरळ वर न्यायची; घेर तिथे लगेच मोकळा होतो. सगळ्यात वरच्या दोन भोकांशी प्रत्येक बाजूला छोटा फास करून, समोरची नाडी त्यातून ओवून मागे ओढायची, म्हणजे टाच जागच्या जागी बसते. मग इमारतीचे तीन-चार मजले जिन्याने उतरायचे. अंगठा पुढे टेकला तर बूट परत करायचा. त्यासाठी बिल जपून ठेवावं आणि पहिले काही दिवस तो घरात लादीवरच घालावा. सोल मळलेला नसला की दुकानदारही परत घ्यायला फार खळखळ करत नाही.