तोंडाकडे बघत नाही म्हणून मारू नका!

आमच्या शेजारच्या चाळीत सहा वर्षांचा एक मुलगा आहे. कुकरची शिटी झाली की दोन्ही कान दाबून तो पलंगाखाली शिरतो. आई रडली तरी तिच्या तोंडाकडे बघत नाही. ‘पोराला माया नाही,’ असे आजी म्हणते. ‘लाडावलाय,’ असे वडील म्हणतात आणि ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणत चापट मारतात. कोणी अंगारा दिला, कोणी गंडा बांधला. मुलगा आहे तसाच आहे. ती चापट थांबावी, म्हणून आज आम्ही हे लिहीत आहोत.

भावना काळजातून उठतात, असे आपण म्हणतो. खरे तर त्यांचे काम मेंदूत चालते. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. मग कपाळामागचा मेंदू सांगतो, ‘अरे, साप नव्हे, दोरी आहे,’ आणि घंटा थांबते. ही घंटा प्रत्येकाची सारखी वाजत नाही.

अमेरिकेतील एका बाईचे दोन्ही अमिग्डाला दुर्मीळ आजाराने निकामी झाले. शास्त्रज्ञ तिला ‘एस. एम.’ एवढ्याच नावाने ओळखतात. घाबरलेला चेहरा तिला ओळखता येत नाही, हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. २००५ साली कारण सापडले. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती. ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगताच तिला भीती ओळखता आली. म्हणजे दोष मनाच्या कोरडेपणाचा नव्हता. नजर जिथे जायला हवी तिथे जात नव्हती.

आता स्वमग्नतेकडे, म्हणजे ऑटिझमकडे वळू. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची माहिती देऊन तिचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे ‘आईने माया दिली नाही’ असा ठपका आयांवर ठेवला गेला. तो साफ खोटा ठरला आहे. २००२ सालच्या एका अभ्यासात दिसले, की सिनेमा पाहताना स्वमग्न तरुण पात्रांच्या डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे जास्त पाहतात. मग त्यांनाही बळेच डोळ्यांकडे पाहायला लावावे काय? मुळीच नाही. काहींच्या मेंदूत डोळ्यांकडे पाहताना घंटा उलट जास्त जोराने वाजते. नजर चुकवणे हा त्यांचा उद्धटपणा नसून बचाव असतो.

नैराश्यात गोष्ट वेगळी. दुःखाचा शब्द ऐकला की घंटा सर्वांचीच वाजते. नैराश्य असलेल्यांची ती लवकर थांबत नाही. मोठा आघात सोसलेल्या माणसात ती जरा आवाज झाला तरी वाजू लागते. अशा बहिणीला ‘कामाचा कंटाळा’ आणि अशा भावाला ‘भित्रा’ म्हणणे हा अन्याय आहे.

मात्र एक ध्यानात ठेवा. ही अनेकांच्या तपासणीतून काढलेली सरासरी आहे. नुसता मेंदूचा फोटो काढून निदान होत नाही. डॉक्टर वागणे पाहून, घरच्यांशी बोलून निदान करतात. म्हणून त्या मुलाला आम्हीही कोणते नाव देत नाही. त्याला सरकारी रुग्णालयात दाखवा, एवढेच सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळते. मनाच्या त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

तोवर घरात एवढे करा. कुकर लावण्याआधी मुलाला सांगा. एका वेळी एकच गोष्ट, थोडक्या शब्दांत बोला. तो घाबरला तर ओरडू नका, जवळ शांत बसा.

आणि मायेचे म्हणाल, तर आम्ही स्वतः पाहिले आहे. वडील कामावरून आले की तो मुलगा त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेऊन मोरीपाशी ठेवतो. त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. पण पिशवी रोज नेतो, एक दिवस चुकत नाही.