पैसे भरण्यापूर्वी करारपत्र वाचा
आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सकाळी सात वाजता कशेळीच्या पुलावर उभे राहिले की दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक म्हणजे गोदामांकडे निघालेले ट्रक आणि टेम्पो. दुसऱ्या म्हणजे नव्या इमारतींमधील मुलांना घेऊन बाळकुमच्या दिशेने, ठाण्याकडे जाणाऱ्या पिवळ्या स्कूल बस. त्या बसवर मोठ्या अक्षरांत ‘इंटरनॅशनल स्कूल’ असे लिहिलेले असते.

खाडीच्या अलीकडे कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात शेती गेली आणि गोदामे आली. ज्यांच्या वडिलांनी भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळ्या केल्या, त्यांची मुले आज या गोदामांत माल मोजतात आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. परंतु याच घरांतून बी.एड. झालेल्या मुलीही निघाल्या आहेत. अनुदानित शाळेत जागा निघत नाही, म्हणून त्या घरी शिकवण्या घेऊन बसल्या आहेत. अशाच एका घरातून मला बोलावणे आले आणि त्यातून हा लेख झाला.

वडील गोदामात हमाली करतात. मुलगी बी.एस्सी., बी.एड. असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहे. एका एजंटाने तिला दुबईतील इंटरनॅशनल स्कूलमध्ये शिक्षिकेची नोकरी देतो म्हणून दीड लाख रुपये मागितले होते. वडिलांनी पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरला होता. आईने कानातले आणि दोन बांगड्या काढून ठेवल्या होत्या. सोमवारी पैसे द्यायचे होते आणि मी शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचलो. चहा झाल्यावर आईने विचारले, “भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. भरू का पैसे?”

मी मुलीला एवढेच म्हटले, “बाळ, शाळेचे पत्र दाखव.” तिने मोबाईलवर एक कागद दाखवला. त्यावर शाळेचा पत्ता नव्हता, पगाराचा आकडा नव्हता आणि व्हिसा पर्यटकाचा होता.

त्या संध्याकाळी त्या घराला जे सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे. कारण असे घर कशेळीत एकच असेल असे मला वाटत नाही.

पाटीवर जाऊ नका

‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर असला म्हणजे शाळा आंतरराष्ट्रीय झाली असे नाही. पहिली चौकशी बोर्डाची करावी. अशा अनेक शाळा प्रत्यक्षात सी.बी.एस.ई. किंवा आय.सी.एस.ई. अभ्यासक्रम शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण आपण कोठे जात आहोत हे माहीत असावे.

खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय शाळांची सुरुवात १९२४ मध्ये जिनिव्हात झाली. राष्ट्रसंघात काम करणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ती शाळा निघाली. त्याच जिनिव्हात १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे ‘आय.बी.’ ही संस्था स्थापन झाली. भारतात तिचा अभ्यासक्रम प्रथम १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेने घेतला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालते. तेथे अनेक देशांची मुले एकत्र राहून शिकतात. दुसरा मोठा अभ्यासक्रम इंग्लंडच्या केंब्रिजचा आहे. त्याची ‘आय.जी.सी.एस.ई.’ परीक्षा १९८८ पासून होते. आय.बी. व केंब्रिज या दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त शाळा शोधता येतात. शाळेचे नाव तेथे आहे की नाही, हे पाहायला पैसे पडत नाहीत.

पहिली पायरी लहान असली तरी चालेल

अनेक मुलींना वाटते की आय.बी.चे वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय अशा शाळेत कोणी उभे करणार नाही, म्हणून त्या महागड्या कोर्सच्या जाहिरातींकडे वळतात. वास्तविक पदवी, बी.एड. आणि आपल्या विषयाची पक्की जाण हा पाया आहे. त्या अभ्यासक्रमाच्या कार्यशाळा पुष्कळदा नेमणूक झाल्यावर शाळाच करून घेते.

नवीन उमेदवाराला सहसा सहाय्यक शिक्षिका, बदली शिक्षिका किंवा पूर्वप्राथमिक वर्ग अशी जागा मिळते. पगार कमी असतो. येथेच आपल्या घरातली माणसे म्हणतात, “एवढे शिकवून एवढाच पगार? त्यापेक्षा गोदामात सुपरवायझर हो.” पालकांना विनंती आहे की ही दोन वर्षे मुलीला द्यावीत. पुढील प्रत्येक शाळा ‘अनुभव किती?’ हेच आधी विचारते. परदेशातील चांगल्या शाळाही बहुधा दोन वर्षांच्या अनुभवाशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत.

अर्जाची वेळही सांभाळावी. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये भरतात, तर आय.बी. व केंब्रिजच्या बऱ्याच शाळांचे वर्ष ऑगस्टच्या आसपास सुरू होते. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. भरतीची धावपळ त्याआधी चार-सहा महिने चालते. मे महिन्यात अर्ज लिहायला बसणारा उमेदवार मागे राहतो.

डेमोचा पाठ

मुलाखतीत सर्वांत मोलाचा भाग डेमोचा असतो. वीस-पंचवीस मुलांपुढे पाऊण तास शिकवून दाखवावे लागते. आपण ज्या पद्धतीने शिकलो, म्हणजे बाईंनी सांगायचे आणि मुलांनी लिहून घ्यायचे, ती पद्धत तेथे चालत नाही. मुलांना विचार करायला लावणारा प्रश्न कोण विचारतो, हे तेथे पाहतात.

त्या मुलीला मी म्हटले, “भरती-ओहोटी शिकवायची असेल तर काय करशील?” तिने पुस्तकातली व्याख्या सांगितली. मी म्हटले, “तुझ्या दारासमोर खाडी आहे. आठ दिवस पुलाच्या खांबावर पाण्याची खूण कुठे येते त्याची वेळ लिहून ठेव. ती वही वर्गात ने आणि मुलांना विचार, पाणी रोज त्याच वेळेला का चढत नाही?” तिचा चेहरा उजळला. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, हे कशेळीच्या पोराला लहानपणापासून माहीत असते. ते ज्ञान आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

इंग्रजीची भीती सर्वांनाच असते. उच्चार विलायती असण्याची गरज नाही. वाक्य सरळ, स्पष्ट आणि बरोबर असावे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, आपलाच पाठ मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकावा. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर “उद्या शोधून सांगते” असे म्हणण्यास लाजू नये. अशा वर्गात ते उत्तर मान्य असते, पण थाप चालत नाही.

परदेशी जायचे असेल तर

दहावी पास झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का नसतो. आपण याचा आनंद मानतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, आखातात मजुरीला जाणाऱ्यांना जी सरकारी परवानगी घ्यावी लागते, ती शिक्षकाला लागत नाही. म्हणजे त्याचे करारपत्र जाण्यापूर्वी कोणी सरकारी अधिकारी तपासत नाही. ते आपणच तपासायचे असते. पुढील गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात.

एक : १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असला पाहिजे. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी वेबसाइटवर त्याचा परवाना क्रमांक पाहता येतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. दीड लाख मागणारा माणूस कोणत्या प्रकारचा, हे येथेच कळते.

दोन : संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नसतो. दुबईतील खासगी शाळांवर ‘के.एच.डी.ए.’ हे तेथील सरकारी खाते देखरेख ठेवते. शाळेचे नाव तेथे सापडले नाही तर पुढे जाऊ नये. नाव सापडले तरी शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. एजंटाने दिलेल्या क्रमांकावर विश्वासू नये.

तीन : पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ या आश्वासनावर गेलेला माणूस पगार थकला तर तक्रार करायलाही घाबरतो, कारण त्याच्या हातात कामाचा कागदच नसतो.

चार : पदवी व बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य सरकारचे आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण लागते. २००५ पासून भारत हेग करारात आहे. त्यामुळे करारातील देशांसाठी ‘अपोस्टिल’ चालते. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. या कामात वेळ जातो. शिवाय दहावीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि लग्नानंतर तिसरेच आडनाव, असा घोळ आपल्या मुलींच्या कागदांत फार असतो. तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

पाच : करारपत्रात मूळ पगार किती, राहण्याची जागा कोण देणार, वर्षाचे विमानभाडे, वैद्यकीय विमा आणि किती मुदतीची नोटीस, हे लिहिलेले असावे. अमिरातीत आपल्यासारखा भविष्य निर्वाह निधी परक्या देशाच्या कामगाराला नसतो. वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवलेले असतील, तर शेवटी नुकसान आपलेच होते.

येथील शाळेत नोकरी मिळाली तरी नेमणूकपत्र लेखी घ्यावे. पगार बँकेत जमा व्हावा. कागदावर एक आणि हातात दुसरा असा पगार स्वीकारू नये. २००९ च्या दुरुस्तीने खासगी शाळांतील शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती योग्य ठरवली. हा हक्क मागण्यात उपकार मागितल्यासारखे काही नाही.

रुळायला वर्ष लागते

नोकरी लागली की खरी परीक्षा सुरू होते. वर्गातली मुले सुट्टीत परदेशी जाऊन आलेली असतात. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडताना आपली भाजी-भाकरी झाकावीशी वाटते. पालकसभेत आई-बाप फाडफाड इंग्रजीत जाब विचारतात. त्यातच कोणी सहज म्हणून विचारते, “पूर्ण नाव काय तुमचे? गाव कोणते?” हा प्रश्न कशासाठी आहे, हे आपल्याला कळते.

या खासगी शाळांत नोकरीला आरक्षण नाही. जातीच्या दाखल्याचा तेथे उपयोग नाही, पण जात विचारली जाणार नाही अशी हमीही नाही. अशा वेळी बाबासाहेबांचे एक उदाहरण आठवावे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकाने शिक्षकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. बाबासाहेबांनी आपल्या विषयाची तयारी अशी केली की दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. वर्गात जी पत मिळते ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

याचा अर्थ अपमान मुकाट्याने गिळावा असा नाही. कोणी तसे बोलले तर तारीख, वेळ आणि शब्द वहीत लिहून ठेवावेत आणि मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे. पण डबा मात्र झाकू नये. मुले कुतूहलाने विचारतात, त्यांना भाकरी कशी थापतात ते सांगावे.

एक पथ्य मात्र पाळावे. पहिला पगार झाला की लगेच मोठा मोबाईल, हप्त्यावर गाडी असे करू नये. अशा नोकऱ्या पुष्कळदा करारावर असतात आणि करार वाढेलच असे नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत हप्ता घेऊ नये. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती घ्यावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जाणे हे एजंटाच्या भरवशावर जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

त्या घराचे पुढे काय झाले?

त्या सोमवारी पैसे दिले गेले नाहीत. मुलीने एजंटाला फोन करून परवाना क्रमांक विचारला. त्याने “विश्वास नसेल तर राहू दे” म्हणून फोन ठेवला. वडील दोन दिवस गप्प होते. हातची संधी गेली असे त्यांना वाटत होते. आईने बांगड्या परत घातल्या.

मुलीने खाडीच्या पाण्याच्या वेळा लिहिलेली वही घेऊन पलीकडच्या तीन शाळांत अर्ज दिले. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी सहाय्यक शिक्षिका म्हणून घेतले. पगार फार नाही. सकाळी साडेसहाला घर सोडावे लागते, कारण पुलावरच्या वाहतुकीचा भरवसा नसतो. परदेशी जाण्याचा विचार तिने सोडलेला नाही. दोन वर्षांनी, अनुभवाचे पत्र हाती आल्यावर, स्वतः शाळांना अर्ज करीन म्हणते. तोपर्यंत रविवारी सकाळी ती वस्तीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजीतून प्रश्न विचारायला शिकवते.

आपल्याही घरी असा एखादा कागद आला असेल तर घाई करू नका. चार शिकलेल्या माणसांना तो दाखवा, परवाना क्रमांक पाहा, शाळेला फोन करा, आणि मगच पैशांच्या गोष्टी करा. जय भीम!