बालेकिल्ला रिकामा होतो तेव्हा

माझे आजोळ बेळगावचे. 1996च्या लोकसभा निवडणुकीत तिथे 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने योजलेला तो मार्ग होता. त्यामुळे जून 2024मध्ये टोरँटोतल्या एका पोटनिवडणुकीत 84 उमेदवार असल्याचे वाचले, तेव्हा कुतूहलाने मी तिची आकडेवारी घेऊन बसलो. बसलो होतो उमेदवार मोजायला; पण खरी गोष्ट घरी बसलेल्या मतदारांची निघाली.

कॅनडात मतदारसंघाला ‘रायडिंग’ म्हणतात. टोरँटो–सेंट पॉल्स हा शहराच्या मध्यभागातला मतदारसंघ. फॉरेस्ट हिलचे श्रीमंत बंगले इथलेच आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांच्या उंच इमारतीही इथल्याच. 1993पासून ही जागा लिबरल पक्षाकडे होती. 2011मध्ये देशभर धूळधाण होऊन पक्षाच्या हाती अवघ्या 34 जागा उरल्या, तेव्हाही ही त्यातली एक होती. 1997पासून इथून निवडून येणाऱ्या कॅरोलिन बेनेट यांनी राजीनामा दिला आणि 24 जून 2024 रोजी पोटनिवडणूक झाली. लिबरल पक्षातर्फे लेस्ली चर्च, तर कन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे डॉन स्ट्युअर्ट असा मुख्य सामना होता.

मतपत्रिका जवळजवळ एक मीटर लांब होती. कॅनडात मतपत्रिका हाताने उलगडून मोजतात. इथे ती उलगडणे हेच एक काम होऊन बसले. रात्रीचा बराच वेळ चर्च पुढे होत्या. आगाऊ मतदानाच्या पेट्या शेवटी मोजल्या गेल्या आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पारडे फिरले. सुमारे 600 मतांनी स्ट्युअर्ट विजयी झाले.

कन्झर्व्हेटिव्हांनी बालेकिल्ला जिंकला, असेच त्याचे वर्णन झाले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. 2021मध्ये बेनेट यांना 26 हजारांहून अधिक आणि त्यांच्या कन्झर्व्हेटिव्ह प्रतिस्पर्ध्याला साडेतेरा हजारांच्या आसपास मते होती. 2024मध्ये स्ट्युअर्ट यांना सुमारे साडेपंधरा हजार मिळाली, म्हणजे दोनेक हजारांची भर. लिबरल मते मात्र 11 हजारांहून अधिक घटली. पोटनिवडणुकीत मतदान एरवीही कमीच होते. या वेळी ते 44 टक्क्यांच्या आसपास राहिले. काहींनी पक्ष बदलला असेल, पण सगळी गळती त्या दोन हजारांत मावत नाही. हा गड बाहेरून जेवढा फोडला गेला, त्याहून अधिक आतून रिकामा झाला. महागाई, घरभाडी, गाझातील युद्ध आणि जस्टिन ट्रुडो यांच्या नेतृत्वाचा कंटाळा ही कारणे तेव्हा चर्चेत होती. यांतली बरीच नाराजी मतपेटीपर्यंत आलीच नाही.

मग ती 84 नावे कशासाठी? त्यांतली बहुसंख्य नावे निवडणूक पद्धतीचा निषेध करणाऱ्या एका गटाने उभी केली होती. आपल्यासारखीच कॅनडातही सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो; निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत. ही पद्धत बदलू, असे वचन ट्रुडो यांनी 2015मध्ये दिले आणि 2017मध्ये ते सोडून दिले. एका निषेध-उमेदवाराला तर शून्य मते पडली. तो मॉन्ट्रियलचा रहिवासी, त्यामुळे स्वतःचे मतही इथे देऊ शकत नव्हता. आणि स्ट्युअर्ट विजयी झाले ते सुमारे 42 टक्के मतांवर. ज्या पद्धतीविरुद्ध एवढी यादी लांबवली, तिनेच निकाल दिला.

इथे बेळगाव पुन्हा आठवते. 1996च्या अनुभवानंतर आपल्याकडे लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10 हजारांवर नेली गेली आणि अपक्षांना दहा सूचक आवश्यक झाले. कॅनडात उलट घडले. अल्बर्टातील न्यायालयाने 2017मध्ये हजार डॉलरची अनामत घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून साधारण 100 मतदारांच्या सह्या मिळवल्या की उमेदवारी मिळते, आणि एकच मतदार अनेकांसाठी सही करू शकत असे. आपण दार अरुंद केले, त्यांनी उघडले. पण बेळगावचा सीमाप्रश्न अनामत वाढवून सुटला नाही, आणि टोरँटोत नावे वाढली तरी मोजण्याची रीत बदलली नाही.

या निकालानंतर ट्रुडो यांच्यावर पक्षातूनच दबाव वाढत गेला. सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियलमधील आणखी एक सुरक्षित जागा गेली आणि 6 जानेवारी 2025 रोजी त्यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. एप्रिल 2025च्या सार्वत्रिक निवडणुकीत, नवा नेता आल्यावर, त्याच लेस्ली चर्च यांनी ही जागा परत मिळवली. उमेदवार तीच, पक्ष तोच. वर्षही पुरते लोटले नव्हते.

आजोळी निवडणुकीच्या गप्पा निघाल्या, की ‘कोण किती मतांनी आला’ हाच पहिला प्रश्न असे. मी आता आधी दुसरे विचारतो : गेल्या खेपेला आलेले किती जण या खेपेला आलेच नाहीत? लांब मतपत्रिका निदान डोळ्यांना दिसते. न आलेल्यांची नावे कुठल्याच मतपत्रिकेवर छापलेली नसतात.