डबा उघडण्याआधी वाचा

महाबळेश्वरात जून लागला की ताजा मासा दुर्मीळ होतो. 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि पोलादपूरकडून येणारा आंबेनळी घाट दरडींनी कधी बंद पडेल, याचा भरवसा नाही. म्हणून आमच्या घरांत सुकट-बोंबील उन्हाळ्यातच भरून ठेवतात.

आता पर्यटकांसाठी सजलेल्या दुकानांत परदेशी टूना-सार्डिनचे डबेही दिसतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही असाच एक डबा निम्म्या किमतीत आणला. घरी मुलीने उलटून पाहिला, तर मुदत संपून महिना झालेला. डबा दस्तरखानावर न येता कचऱ्यात गेला.

तेव्हापासून आम्ही डबा आधी वाचतो. आयात डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख असावीच लागते. बंदरावर उतरताना 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जी कमी तेवढी मुदत शिल्लक लागते. पुढे आयातदार, वितरक, घाऊक व्यापारी असे हात बदलत डबा डोंगरावर येईपर्यंत उरलेले दिवसही सरतात. स्वस्ताईमागे अनेकदा हेच कारण असते.

मासा हलाल आहे, त्याला जबीहाची अट नाही. पण सॉसमध्ये वाइन आहे का, हे घटकांच्या यादीतच कळते. फुगलेला डबा तर उघडूच नये. त्यातले विष वासावरून ओळखता येईलच असे नाही.

अलिफ-बे शिकवताना आपण मुलांना एकेक अक्षर वाचायला लावतो. डब्यावरची बारीक अक्षरेही त्यांच्याकडून वाचून घ्यावीत. दुकानदाराला तारीख विचारण्यात लाज कसली?