टू-डी इकोला जाण्यापूर्वी

डॉक्टर चिठ्ठीवर ‘टू-डी इको’ एवढेच लिहितात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. मग घरी चर्चा सुरू होते. उपाशी जायचे का? सुई टोचतात का? आमच्या शेजारच्या खाला शुगरच्या पेशंट. त्या सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता बाकावर बसून राहिल्या आणि अकराच्या सुमारास त्यांना चक्कर आली. साध्या इकोला उपाशी राहावे लागत नाही, हे सांगायला अर्धा मिनिट पुरला असता.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवतात, डाव्या कुशीवर वळायला आणि मधूनच श्वास रोखायला सांगतात. एक्स-रेसारखे किरण नसतात. फासळ्यांवर थोडा दाब येतो, इतकेच. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. काही खावे-प्यावे लागत नसल्याने रोजा असतानाही ही तपासणी करता येते.

मात्र ‘टीईई’ लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. त्यात नळी घशातून अन्ननलिकेत सोडतात. आधी काही तास पोट रिकामे हवे, कवळी काढावी लागते आणि गुंगीचे औषध देतात, म्हणून सोबत घरचे माणूस लागते. स्ट्रेस इकोपूर्वी काही गोळ्या थांबवतात. कोणत्या, ते डॉक्टरांनीच सांगायचे, शेजाऱ्यांनी नव्हे!

आपल्या भगिनींची धास्ती निराळीच असते. छाती उघडी करावी लागते हे आधी कुणी सांगत नाही, आणि खोलीत पुरुष तंत्रज्ञ पाहून काहीजणी तशाच परत फिरतात. तपासणी राहून जाते. नंबर लावतानाच ‘बाई तपासणार आहेत का’ असे विचारावे. नसतील तर पुरुष डॉक्टर तपासताना खोलीत दुसरी स्त्री असावी, हा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत नोंदवलेला आहे. पुढून उघडणारा कुर्ता घालावा, अंगावर घ्यायला ओढणी किंवा चादर मागावी.

आणि रिपोर्ट. त्यात ‘ईएफ ६०%’ वाचून एका चाचांनी घरात निरवानिरवीची भाषा सुरू केली होती. हृदय साठ टक्केच उरले, असा त्यांचा समज. खरे तर हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातले किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, त्याचा हा आकडा. निरोगी माणसातही तो शंभर नसतो. ५५ ते ७० च्या आसपास असतो. चाचांचा अगदी उत्तम होता.